झाकणावर लिहिलेली नावं

बाई, आज तुमच्या यीस्टच्या जुन्या नळ्या बाहेर काढल्या आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. घडियाळी पोळेतल्या, त्या जुन्या गल्लीतल्या, तुमच्या स्वयंपाकघरात हळद, हिंग, सगळ्यांची नावं डब्याच्या पोटावर लिहिलेली असायची. मी हसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "झाकणं फिरतात गं. प्रयोगशाळेतसुद्धा बशीच्या बुडावर लिहायचं." मला ते उगाचचं सोवळं वाटलं होतं.

आपल्याकडे यीस्टचे दोन वाण होते. प्रथिनं बांधायला कच्चा माल वाहून आणणाऱ्या ट्रान्सफर आरएनएवर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. एका वाणाला एक खूण करता येत नव्हती, दुसऱ्याला दुसरी. पहिली खूण नसेल तर तो आरएनए उष्णतेत टिकणार नाही आणि यीस्ट वाढणार नाही, हे तुमचं म्हणणं. दोन्ही वाण ज्यांत वाढवले त्या मूळ बश्यांची नावं मी घाईत झाकणांवर लिहिली. वाफेचं पाणी पुसायला झाकणं काढली, आणि परत लावताना कुठलं कुठलं ते आठवेना. अंदाजाने लावली. त्याच बश्यांतून साठवणीच्या नळ्या भरल्या, म्हणून पुढे तीनदा प्रयोग केला तरी तेच उत्तर आलं, तुम्हाला हवं होतं तेच. तुम्ही आनंदाने शिरा करताय, कढईतूनच मला चमचाभर देताय आणि म्हणताय, "तुझी बशी मला उलटून बघावी लागत नाही." तेव्हा सांगायला हवं होतं. मला तुमचाही राग येतो, बाई. एकदा तरी उलटून बघायची होतीत. बूड कोरं दिसलं असतं. पुढे तुम्ही गेलात, आणि तो तुमचा शेवटचा शोधनिबंध ठरला.

आज माझ्या विद्यार्थिनीने त्या नळ्यांतल्या पेशींचे जनुक तपासले. "बेन, आ बेउनां नाम ऊंधां छे," ती म्हणाली. नावं उलटी आहेत. निबंध छापणाऱ्यांना दुरुस्तीचं पत्र पाठवावं लागणार, चूक कोणाची तेही लिहावं लागणार. तिने नळी उजेडात धरली. "आ अक्षर कोना छे?"

अक्षर माझं आहे. पण तुमच्या वह्या उतरवून उतरवून वळण तुमचंच लागलंय.

"मारां बेनना," मी म्हटलं. माझ्या बाईंचं. तुमचं म्हणून सांगितलं.

ते पाठवायचं पत्र अजून कोरंच आहे. हे लिहून झालं, कारण हे कुठेच जायचं नाही. तिने लगेच विश्वास ठेवला आणि मला हायसं वाटलं, हे फक्त तुम्हाला सांगते.