पार्षद-पती

२ डिसेंबर

पेपर वाचून डोकं फिरलं! कुठल्याशा गावात बाया निवडून आल्या अन् शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. हार घालून, फोटो काढून! ज्यांना लोकांनी निवडलं त्या कुठं? घरी, चुलीपुढे. शहरात तरी काय वेगळं — नगरसेवक, म्हणजे इथला पार्षद, नावाला बाई, खुर्चीत ‘पार्षद-पती’. लाज नाही या माणसांना! बायकोला, शालूला, मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, “वाचा, वाचा. चहा थंडा होऊन राहिला.”

३ डिसेंबर

आमचा वॉर्ड यंदा महिलांसाठी राखीव. विहारात बैठक झाली. समाजाकडून एकच उमेदवार द्यायची — मतं फुटली की गेलो! मी सुनेचं, करिष्माचं नाव सुचवलं. बी.एस्सी. झालेली आहे. टाळ्या पडल्या. आमचा मुलगा प्रफुल तिथल्या तिथं बायकोला म्हणाला, “नाम तेरा, काम मैं देख लूँगा.” सगळे हसले. मीही.

४ डिसेंबर

पोस्टर छापून आलं. प्रफुल हात जोडून मधोमध, करिष्मा कोपऱ्यात एवढीशी. तिनं पाहिलं अन् म्हणाली, “मामाजी, मले कोणी इचारलं का? मी नाही उभी राहत.”

आता ऐन वेळी हे! अर्ज भरायला आठ तारखेपर्यंतच मुदत. विहारात काय तोंड दाखवू? फार बोललो तिला. जेवण गेलं नाही.

५ डिसेंबर

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. अन् शालू दुपारभर गायब! नळाला पाणी नाही म्हणून बाया घेऊन नगर निगमात गेली, भांडून टँकर आणला. वर्षानुवर्षं हिचं हेच. मी ओरडलो, “घरात आग लागली अन् तुले टँकर सुचते?”

“आगीलेच तर पाणी लागते.”

६ डिसेंबर

विहारात मेणबत्त्या, वंदना. आज राजकारण नको, असं ठरवलं होतं. पण पायऱ्यांवर शालूभोवती बाया जमल्या होत्या. मी जवळ गेलो तर गप्प झाल्या.

७ डिसेंबर

करिष्मा आपणहून म्हणाली, “मामाजी, उद्या आत्याबाईसंग जाते. सही करून येते.” सासूसोबत जाते म्हटल्यावर जीव भांड्यात पडला! पेढे आणून ठेवले.

८ डिसेंबर

दुपारी कवडूचा फोन, विहाराचा अध्यक्ष. “शेषराव, अभिनंदन! अर्ज भरला.”

मी विचारलं, “करिष्मा घाबरली तर नाही ना?”

“तिले कावून भेव? ते तं फक्त प्रस्तावक हाय. उभी शालूबाई हाय! बायांनीच ठरवलं.”

शालू आली. पेढा उचलला, खुर्चीत बसली.

“चहा ठेवा, पार्षद-पती.”

ठेवला.