दोन नळ्यांची गाडी आणि सव्वाआठची प्रार्थना

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.
मयुरीची ऑर्डर आली. आर्वीची शाळा, एक डिसेंबरला जॉइनिंग. सकाळची शाळा, सव्वाआठला प्रार्थना. पहिली एसटी पोचते पावणेनऊला. तिची मैत्रीण मोहिनी तिथेच शिकवते, तिच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे म्हणे. म्हणजे बायको आठवडाभर आर्वीला आणि मी इथे पिपरी मेघेत, एकट्यासाठी कुकर लावत. लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत. मी जाहीर केले : अप-डाऊन. सकाळी गाडीने मी सोडणार, दुपारी ती एसटीने परत. मी काम करतो ते दुकान दहाला उघडते. मयुरीने विचारले, पावणेसातला घरून निघावे लागेल, जमेल का? प्रश्नाचा रोख आवडला नाही.
संकल्प : उद्यापासून साडेपाचला उठणे.

४ नोव्हेंबर. सकाळी ८.२०.
उठलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

५ नोव्हेंबर. सकाळी ७.५५.
पडल्यापडल्या विचार केला. दोष माझ्या उठण्यात नाही, गाडीत आहे. अकरा वर्षांची हॅचबॅक. इंजिनला श्वासच पुरत नाही. रेसच्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिले : ड्युअल-इनलेट कोल्ड एअर इनटेक. तत्त्व सोपे आहे. बॉनेटखालची हवा गरम, म्हणून विरळ. बाहेरची थंड, म्हणून दाट. दाट हवा मिळाली की ताकद वाढते. कंपनीने एकच नळी दिली आहे, तीही चिंचोळी. मी दोन देणार. पंधरा टक्के ताकद म्हणजे अकरा मिनिटे वाचली. तेवढीच झोप वाढवता येईल. साडेपाचचा संकल्प जरा घाईतच केला होता.
सुधारित वेळ : ५.४१.

९ नोव्हेंबर, रविवार.
बोरगाव मेघेला लहानूभाऊंच्या गॅरेजमध्ये गेलो. गाडी पहिल्यापासून तेच पाहतात. कागदावर आकृती काढून अर्धा तास समजावले. ते एका स्कूटीचा कार्बोरेटर साफ करत ऐकत होते. मग विचारले, आर्वी रोडवर किती पळवता? मी म्हटले साठ. त्याच्या वर जमत नाही, पुढे सारखे ट्रॅक्टर असतात.
"मंग साठसाठी एवढी हवा काऊन पायजे?"
अनुभवी माणूस. पण सिद्धांत कच्चा. काम स्वतःच करायचे ठरवले. दहा वर्षे पंप-पाइपच्या दुकानात मॅनेजर आहे. पाण्याचा काय आणि हवेचा काय, प्रवाह तो प्रवाह. वाकणे कमी, व्यास मोठा.

१२ नोव्हेंबर.
दुकानातून तीन इंची पाइपचे दोन तुकडे, दोन एल्बो आणि एक वाय-जोड घेतला. मालक पुंडलिकरावांनी विचारले, कोणाच्या विहिरीवर? मी म्हटले, रिसर्च आहे. दुपारपर्यंत त्यांनी चार गिऱ्हाइकांना सांगितले की आमचे मॅनेजर गाडीत बोअर मारून राह्यले.
आज ७.४० ला उठलो. प्रगती आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार.
फिटिंग पूर्ण. एक तोंड जाळीमागे, हेडलाइटच्या बाजूला. दुसरे खाली, बंपरमधल्या फॉगलॅम्पच्या भोकात, कारण रस्त्यालगतची हवा सकाळी सगळ्यात थंड. जुन्या कूलरचा पत्रा कापून बंद डबा केला, आत फिल्टर. इंजिनची गरमी आत येऊ नये म्हणून पत्र्याला थर्माकोल. नळ्यांच्या तोंडाला बारीक जाळी लावा असे सगळ्या व्हिडिओंत सांगतात. जाळीने प्रवाह अडतो. लावली नाही. इथेच माझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे.
मयुरी चहा घेऊन दारात उभी राहून बघत होती. डबा चांगला झाला म्हणाली. मग विचारले, या दोन आठवड्यांत सहाच्या आत किती वेळा उठलात? विषयाशी संबंध नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार.
बायपासवर ट्रायल. आवाज जबरदस्त. पिकअप वाढला. मोजला नाही, पण जाणवतो. इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. गाडीच्या कॉम्प्युटरला एवढ्या हवेची सवय नसणार. डब्याच्या फटी एम-सीलने बुजवल्या. दिवा तरी लागलेलाच. त्यावर स्टिकर चिकटवले.
आठवड्याचे उठणे : ७.४०, ७.५५, ८.१०, ८.०५. बाकीचे दिवस लिहिले नाहीत. थंडी फार आहे.

३० नोव्हेंबर, रविवार.
तीन अलार्म लावले. पेट्रोल फुल. उद्या पहिला दिवस, मुख्याध्यापिका शोभाबाई स्वतः दारात रजिस्टर घेऊन उभ्या असतात म्हणे. मयुरीने सरळ सांगितले, उद्या वेळेवर पोचलो तर अप-डाऊन, नाहीतर मोहिनीची कॉट. मी म्हटले, पोचलोच समज. तिने तरी एक बॅग भरून दाराशी ठेवली. आत काय, विचारले नाही.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी ३.
जे घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष नीट वाटला जाईल.
तिन्ही अलार्म वाजले. ही मयुरीची साक्ष, माझ्याकडे पुरावा नाही. सात पाचला निघालो. वीस मिनिटांचा बॅकलॉग, तो इनटेक भरून काढणार होता. पुलगाव सुटल्यावर पुढे कापसाची ट्रॉली लागली. गच्च भरलेली, ताडपत्री एका बाजूने सुटलेली. ओव्हरटेकला दोनदा जागा मिळाली. मयुरी दोन्ही वेळा बोलली. पण मोठ्या वाहनाच्या पाठीशी चिकटून चालले की समोरच्या हवेचा अडथळा कमी होतो. रेसमध्ये सगळे तेच करतात. मी दहा फुटांवर चिकटून राहिलो. काचेवर कापूस येत होता. मी म्हटले, बघ कशी ओढतेय. ओढत होतीच.
रोहण्याजवळ इंजिन खोकले, मागून काळा धूर आला, गाडी बंद. बॉनेट उघडले. दोन्ही नळ्या कापसाने ठासलेल्या, खालची जास्त. डब्यात एक उशी भरेल एवढा माल. आठ वाजून दोन मिनिटे.
ट्रॅक्टरवाल्याने आरशात पाहिले असावे, तो थांबला. किसनराव नाव, साठीचे. आर्वीच्याच मार्केटला निघाले होते. मयुरीला म्हणाले, बाई, बसा. ती बॅग घेऊन त्यांच्या शेजारी मडगार्डवर बसली. नवी साडी, डोक्याला रुमाल बांधलेला. मी म्हटले, साफ करून मागोमाग येतोच. तिने मान हलवली. मागे वळून पाहिले नाही. मी बराच वेळ रस्त्यावर उभा होतो.
लहानूभाऊंना फोन केला. बाराला आले, मी न सांगता गॅरेजमधला कंपनीचा एक जुना फिल्टरचा डबा सोबत घेऊन. कापूस ओढत ओढत म्हणाले, "वेचणीले मजूर भेटत नाई म्हणते लोकं. तुमची गाडी धाडा ना."
तिथे जमलेले चारही लोक हसले. मलाही हसू आले, पण मी ते खोकल्यात घातले.

३ डिसेंबर, बुधवार.
मयुरी सोमवारपासून मोहिनीकडेच. शाळेत ती आठ चाळीसला पोचली. शोभाबाईंनी रजिस्टरमध्ये लाल शाईने वेळ लिहिली. फोनवर मी सांगितले की आवृत्ती दोनमध्ये जाळी असेल. ती बरं म्हणाली. तिचे बरं मला आता कळायला लागले आहे.

७ डिसेंबर, रविवार.
गादी आणि छोटा कुकर न्यायला आली. मी आवृत्ती दोनची आकृती दाखवली. खालची नळी रद्द, दोन्ही तोंडे वर, तिरपी जाळी. गुंडाळलेल्या गादीवर बसून तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली,
"गाडी कधीच हळू नव्हती. तुम्ही साडेपाचले उठले असते ना, तर मी काऊन गेली असती?"
ती रागावली नव्हती. वाईट वाटले. फार वाईट वाटले. गादी मीच ऑटोत टाकून दिली.

९ डिसेंबर, मंगळवार.
पहाटे ४.५० ला जाग आली. आपोआप. घर फार शांत होते. पडून राहवेना. पाच वीसला निघालो. कंपनीचा डबा, कंपनीची एकच नळी. रस्ता मोकळा, ट्रॉल्या अजून निघायच्या होत्या. सहा एकतीसला आर्वी. एक तास अकरा मिनिटे. हा आकडा मी दोनदा तपासला.
मयुरी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. घाबरलीच आधी. मी म्हटले, टेस्टिंग. तिने विचारले, काय बसवले? काहीच नाही म्हणालो. ती गाडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. चूळ भरून आली.
"असेच पंधरा दिवस उठून दाखवा. मंग येते मी घरी."
चहा झाला. तिने मफलर नीट गुंडाळून दिला. परत येताना इतके बरे वाटत होते की ट्रॉल्यांना हात दाखवत आलो. साडेआठला घरी. दुकानाला दीड तास होता. पाच मिनिटे टेकलो.
डोळे उघडले तेव्हा साडेदहा वाजले होते.
दुकानात पोचलो तेव्हा गिऱ्हाईक उभे, शटर पुंडलिकरावांनी स्वतः उघडलेले. विचारले, आजही उठायला उशीर झाला काय?
हो म्हणालो.