नळाचं पाणी

सोमवार, संध्याकाळ

आजही महादेवाला नळाचंच पाणी वाहिलं. पुजारी म्हणाला, "काका, नदीचं नाही ना आणलं? पिंड निळी व्हायची." मी हसलो. वालधुनी नदीत निळं पाणी सोडणाऱ्या जीन्स धुलाईतच मी नव्या पँटी घासून जुन्या करतो, हे त्याला सांगवलं नाही.

घरी आलो. जर्मनीत नर्स झालेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या अंगात तसलीच घासलेली पँट. "बाबा, इथल्या नदीत लोक पोहतात. पाणी एकदम स्वच्छ."

तिथलं स्वच्छ राहावं म्हणून इथलं निळं का? तिला विचारणार होतो. पण दोन महिन्यांनी हसताना दिसली. "छान दिसतेस," एवढंच म्हणालो.

फोन ठेवला. पुन्हा हात धुतले. नखांतला निळा रंग जात नाही. पुढच्या सोमवारी याच हातांनी पाणी वाहायचं.