भिंतीसमोरचा फोटो

कारंजा, बुधवार

प्रिय लेकी, आचल माय,

शेजारची तानाबाई पुलगावला बहिणीकडे निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देतो. तुझा फोन बंद आहे. तू तो फक्त रविवारी चालू करतेस हे ठाऊक असूनही सकाळपासून बारा वेळा लावून पाहिला. मी स्वतःच आलो असतो, पण तुझा दीर, रोशनचा धाकटा भाऊ, समोरच्या पानठेल्यावर बसून आहे. मी चप्पल घातली की तो उठतो. कोपऱ्यावर दूध आणायला गेलो तर मागे आला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुकाबिका सांभाळून घे.

गुंजनच्या वाढदिवसाला मी आलो होतो ना, तेव्हा मी फोटोसाठी फोन काढला तशी तू घाबरलीस. मीच म्हटलं, भिऊ नको, जागा ओळखू येणार नाही असं मी पाहून घेतो. शेजारच्या शाळेची पाटी येऊ नये म्हणून पोरीला भिंतीपाशी उभं केलं. नंबर दिसू नये म्हणून कुणाची तरी स्कूटर बाजूला ढकलली. गुंजन म्हणाली, "आबा, माहा फोटो काढता का भिंतीचा?" तू हसलीस. रोशननं तुझा हात मोडला त्यानंतर मी तुला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

परवा तुझ्या सासूचा, मनकर्णाबाईंचा फोन आला. रडत होत्या. "पोट्टीचं तोंड तरी दाखवा, इवाईबुवा. मी काय बिघडवलं तुमचं?" मग रोशननं फोन घेतला. किती गोड बोलला! "मामाजी, मायसाठी फ्रेम बनवतो. साधा पाठवान तर मोठा करताना फाटते फोटो. डॉक्युमेंट करून पाठवजा." कुठे दाबायचं, मग कुठे दाबायचं, तेही त्यानंच सांगितलं. पाठवण्याआधी चष्मा लावून मी फोटोचा कोपरान् कोपरा पाहिला. पोरगी आणि भिंत, दुसरं काही नव्हतं. पाठवून दिला.

काल नीलेशच्या मोबाइलच्या दुकानात रिचार्जला गेलो. नात दाखवावी म्हणून तोच फोटो उघडला. त्यानं बोटानं वर सरकवला तर खालून नकाशा निघाला. तारीख, वेळ आणि एक ठिपका. त्यानं दोन बोटं पसरवली तसा ठिपका मोठा होत गेला, थेट तुझ्या घरमालकीणबाईंच्या, शोभाबाईंच्या छपरावर. माझ्या कॅमेऱ्यात लोकेशन पहिल्यापासून चालूच होतं म्हणे. नीलेश म्हणाला, "काका, साधा फोटो पाठवला तर हे सारं गळून जाते. डॉक्युमेंट केलं का जसंच्या तसं जाते." मी म्हटलं, आधी हे बंद कर. त्यानं लोकेशन बंद करून दिलं, पाठवलेला फोटो दोन्हीकडून मिटवला. पण रोशननं आधीच उतरवून घेतला असेल तर मिटवून उपयोग नाही, असंही तो बोलला. घरी परतलो तर समोरच्या पानठेल्यावर हा भाऊ येऊन बसलेला.

आज सकाळी रोशनचा फोन आला. ट्रक घेऊन रायपूरकडे गेला आहे, शुक्रवारी परततो. म्हणाला, "मामाजी, पुलगावले शाळेच्या मागं पाणी तरी बरं येते ना?" मी फोन कापला आणि तुला लावायला लागलो. माय, तू आजच गुंजनला घेऊन तिथून नीघ. सामानात जीव गुंतवू नको. कुठे चाललीस ते शोभाबाईंना सांगू नको आणि मलाही सांगू नको. रविवारचा फोनसुद्धा करू नको. तो इथे येईल, मला विचारेल. धमकी मी सोसेन, पण त्याची माय पुन्हा रडली तर माझं काय होतं ते तू आता वाचलंसच. मला ठाऊकच नसलं तर माझ्याकडून कुणाला काही मिळणार नाही. एवढं सांगायलाच हे पत्र लिहिलं. उत्तर पाठवू नको.

जिथे असशील तिथे तुझाच,
बाबा