अर्बाबच्या रायफलीचा नेम

मत्रह, मस्कत
शुक्रवार, जुम्म्याची नमाज आटोपून

माझा शाळासोबती आणि ठासणीच्या बंदुकीचा परवानाधारक जनार्दन यास,

बाबामियाँचा सलाम पोचावा. कल्पनावहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, आणि सुपारीचं पीक यंदा बरं आलं असेल तर तेही कळव, म्हणजे निदान कुणाचं तरी बरं चाललंय एवढं समाधान मिळेल. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. अमीरुन्निसाचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. लेक अफशा इथल्या अझैबा भागात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा, जन्मभर दोरखंड विकलेला माणूस, एका रायफलीपायी आयुष्यातून उठायच्या बेतात आहे. (हे पत्र हाताने लिहून अमीरुन्निसाची भाची मेहनाज सुट्टीवर येतेय तिच्याबरोबर पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझी सून मोठ्याने वाचून दाखवते आणि ही गोष्ट गुपित आहे.)

पाप जुनं आहे. तुमच्या बागेत माकडं यायची तेव्हा तू वडिलांची ठासणीची बंदूक घेऊन आभाळात बार काढायचास आणि मी तुझ्या मागे तेलाचा रिकामा डबा बडवत धावायचो. माझी शिकार ती एवढीच. पण एकतीस वर्षांपूर्वी इथे नवीन आलो तेव्हा अर्बाबने (म्हणजे मालकाने, इथे सगळे तसंच म्हणतात) विचारलं की गावाला काय करायचास. डबा बडवायचो, असं कुणी सांगतं का? मी म्हटलं, शिकार. पुढे दर वर्षी ती शिकार थोडी थोडी वाढत गेली. माकडाचं रानडुक्कर झालं. ते ऐकून अर्बाबच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही, म्हणून पुढच्या रमजानात मी त्याचा बिबट्या केला. गेली पंधरा-वीस वर्षं तो बिबट्याच आहे आणि दुकानात नवीन माणूस आला की अर्बाब मला तो सांगायला लावतो.

अर्बाब नासर आता बहात्तर वर्षांचा आहे. मासळीबाजारापासून चार पावलांवर त्याचं दुकान, त्यात दोर, जाळी, नांगर, बोटीचं सगळं सामान. बायको वारली. दोन मुलं मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि बापाने आता घरी बसावं, गाडी चालवू नये, दुकान बंद करून तिथे बोटीवरून उतरणाऱ्या टुरिस्टांसाठी अत्तरं ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं. अत्तराच्या दुकानात माझं काय काम? म्हणजे अर्बाब खुर्चीवर बसलाय तोवर मी आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

तर त्याचा एक मेहुणा आहे, सुलेमान. दोघांचं पन्नास वर्षांचं वैर आहे, रोज एकत्र जेवूनसुद्धा. दर वर्षी दोघं दक्षिण आफ्रिकेत एका ओळखीच्याच्या शेतावर ससे मारायला जातात. तिथे परवानगीने चालतं. इथे रानातल्या जनावराकडे बोट दाखवायलाही अर्बाब धजत नाही, कायदा कडक आहे. गेल्या हिवाळ्यात सुलेमानने नवी रायफल घेतली आणि तेव्हापासून तो जिथे बसेल तिथे सांगतो की पन्नास मीटरवर कागदावर मारलेल्या पाच गोळ्यांची भोकं माझ्या पंचवीस बैसाच्या (म्हणजे इथल्या चिल्लरीतल्या) एका नाण्याखाली झाकतात. हे ऐकून ऐकून अर्बाबचं जेवण तुटलं. नोव्हेंबरात एके सकाळी मला म्हणाला, "बाबामियाँ, तू शिकारी माणूस. मला पॉइंट टू-टूची एक रायफल निवडून दे. कागदावर नाणं झाकलं पाहिजे आणि रानात ससा पडला पाहिजे. खलास." परवाना त्याचा, रायफल त्याची. फक्त अक्कल माझी, जी मुळात नव्हती.

मग मी शिकायला बसलो. जनार्दन, तुझ्या बंदुकीत दारू ठासली, छर्रे घातले, चाप ओढला, झालं. इथे तसं नाही. ह्या लहान काडतुसाची दारू पेटते ती बुडाच्या कडेवर टोला बसला की, म्हणून ह्या जातीला रिमफायर म्हणतात, आणि ही जात फार मानी आहे. कागदावर नेम धरायची रायफल जाड नळीची आणि जड हवी, म्हणजे हलत नाही. सशामागे हिंडायची हलकी हवी, म्हणजे खांदा राहतो. दोन्ही एकाच रायफलीत मागणं म्हणजे जावई घरजावईही हवा आणि मुंबईला नोकरीलाही हवा. एकेक गोळी हाताने भरायची घ्यावी की आपोआप भरणारी, ह्यावर इंटरनेटवर लोक एकमेकांच्या आयांपर्यंत गेलेले मी वाचले. रात्रंदिवस फोनवर ठो-ठो चालू. अमीरुन्निसाने एकदाच विचारलं, "तुम्ही कुणाला मारणार आहात का?" मी म्हटलं, नाही. "मग आवाज कमी करा," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

मस्कतबाहेर एक नेमबाजीचा क्लब आहे. तिथला उस्ताद मुराद म्हणजे बलुची, फौजेतून निवृत्त, हिंदी बोलतो आणि डोळ्याची पापणी लवत नाही. त्याच्यासमोर रायफली चालवून बघायची सोय आहे. पहिली जर्मन, सहा किलोची. अर्बाबने उचलली, पाचही गोळ्या कागदाच्या बाहेर, आणि वर म्हणाला ही घेऊन सशामागे जायचं तर ससाच मला उचलून आणेल. दुसरी अमेरिकन, हलकी, आपोआप भरणारी. तिच्या गोळ्या अशा फाकल्या की शेजारच्या कागदावर नेम धरणाऱ्याने उठून जागा बदलली. तिसरी झेक, मध्यम नळीची, एकेक गोळी भरायची. ही मी खूप वाचून निवडलेली, म्हणून घेतलीही हीच. अर्बाबने पाच मारल्या. कागद कोरा. परत नेला असता तर दुकानदाराने परत घेतला असता इतका कोरा.

मग काडतुसांचा फेरा सुरू झाला. प्रत्येक रायफलीला विशिष्ट काडतूसच मानवतं, म्हणे, आणि कुठलं ते कारखानदारालाही ठाऊक नसतं. घालून बघावं लागतं. आम्ही सात प्रकारची घातली. त्यानंतर दुर्बीण बदलली. त्यानंतर वाऱ्याला दोष दिला, तर मुरादने खांबावरचं फडकं दाखवलं, ते मेल्यासारखं लोंबत होतं. सहा शुक्रवार गेले. मधल्या काळात सुलेमान रोज दुकानात येऊन चहा प्यायचा आणि खिशातलं ते नाणं काउंटरवर टिचकीने फिरवायचा. सातव्या शुक्रवारी दोष द्यायला जगात दुसरं काही उरलं नाही तेव्हा अर्बाब माझ्याकडे वळला. म्हणाला, "तू वाईट रायफल निवडलीस. आता तूच मारून दाखव, बिबट्यासारखी."

मी झोपलो. (पालथा, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून. तशीच रीत आहे.) मुरादने माझ्या कानांवर आवाज अडवायच्या टोप्या चढवल्या, बोट कुठे ठेवायचं ते दोनदा सांगितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ह्या माणसाला बिबट्याने कधी लांबूनही पाहिलेलं नाही हे त्याला कळलंय, हे मला कळलं. मी कलमा म्हटला, दुर्बिणीतल्या फुलीवर काळा ठिपका बसवला, श्वास सोडला आणि पाच वेळा चाप दाबला. मुरादने कागद आणला. पाचही भोकं ठिपक्यात होती, आणि त्याने खिशातून पंचवीस बैसा काढून वर ठेवले तर एकही दिसेना.

लोक अशा वेळी आनंदाने नाचतात. मी तो कागद घाईने घडी करून खिशात कोंबला. कारण मला नेमबाजी येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्यासारख्याकडून नाणं झाकलं जातं म्हणजे रायफल बरोबर, काडतूस बरोबर, दुर्बीण बरोबर. मग चूक उरली कुठे, हे म्हणायची हिंमत मुरादलाही नव्हती. तो काडतुसं मोजत बसला.

त्या दिवशी अफशा क्लबवर आमच्यासाठी बांगड्याचं कालवण आणि भात घेऊन आली होती. अर्बाबला ती चाचा म्हणते. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, तोंडाकडे बघत राहिली, आणि मला बाजूला घेऊन तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "अब्बा, चाचाच्या राइट डोळ्यात ते... दूध आलंय. म्हणजे आत, पांढरं. त्याला मराठीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "मोतीबिंदू."

"नाव किती सुंदर आहे," ती म्हणाली. "पण खूप वाढलाय. त्यांना कागदच दिसत नसणार. आणि ते गाडी चालवत आले ना?"

मीच शेजारी बसून आलो होतो, जनार्दन. कुरूमच्या वळणावर त्याने एका दुभाजकाला सलाम केला होता, आणि मला वाटलं होतं कुणी ओळखीचं असेल.

दोन दिवस मी गप्प राहिलो. सांगावं तर मुलांच्या कानावर जाणार, मुलं गाडीची किल्ली काढून घेणार, मग दुकान, मग अत्तरं, मग मी सामान बांधणार. न सांगावं तर एक दिवस तो कुणाला तरी उडवणार. असं दोन्हीकडून भाजत असताना रविवारी दुपारी दुकान बंद करून आम्ही मागच्या खोलीत कहवा, म्हणजे इथली कॉफी, घेत होतो, तिथे माझ्या तोंडून निघून गेलं. "अर्बाब, रायफल चांगली आहे. डोळा बघायला हवा." आणि एकदा नळ सुटलाच म्हणून तेही सांगून टाकलं, की मी जन्मात शिकार केलेली नाही, डबा बडवायचो.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. ज्याने खरंच शिकार केली असते त्याला ती इतकी चांगली सांगता येत नाही."

"मग रायफल निवडायला मला का नेलंत?"

"जाणकार माणूस नेला असता तर पहिल्याच दिवशी त्याला कळलं असतं की मला दिसत नाही," तो म्हणाला. "मला असा माणूस हवा होता ज्याला काही कळत नाही. तुला सात शुक्रवार लागले, बाबामियाँ. मी तर तुझ्यावर आणखी भरवसा ठेवला होता."

मग त्याने कपात कहवा ओतला. निम्मा कपात गेला, निम्मा थाळीत. दोघांनीही ते न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, "गेल्या रमजानपासून असं आहे. कुराण उघडतो आणि पाठ आहे तेवढं म्हणतो, पान उलटतो, म्हणजे मुलांना वाटतं वाचतोय." जनार्दन, एकतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी खालच्या आवाजात बोलला नव्हता, आणि त्या दिवशी तो माझ्याकडे बघत होता खरा, पण माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होता. मला तिथे बसवेना. मी गल्ला पुसायला म्हणून उठलो आणि बराच वेळ पुसत राहिलो.

शेवटी त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. आता मीच चालवतो आणि मुलांना सांगितलंय की अर्बाबची पाठ धरली आहे. रायफल क्लबात कुलुपात आहे. आफ्रिकेतले ससे आनंदात आहेत. मी मात्र संपलो आहे, झोप नाही, भूक नाही. तुझी आठवण येते. सर्वांना सलाम, लहानांना दुवा.

तुझा
बाबामियाँ

ता.क. पत्र का लिहिलं ते राहिलंच. अर्बाब इथे ऑपरेशन करून घ्यायला तयार नाही. म्हणतो मस्कतच्या कुठल्याही दवाखान्यात गेलो तरी तिथे माझा भाचा किंवा पुतण्या बसलेला असतो. तेव्हा रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे आणि पंधरा दिवस त्याला तुझ्या घरी ठेवायचा विचार आहे. मुलांना सांगितलंय की काथ्याचे दोर बघायला चाललोय. कुणाचा फोन आला तर तू काथ्याचा व्यापारी. तो भात दोनदा घेतो, तिखट चालतं, माशाला नाही म्हणत नाही. व्हिसा झाला आहे. पुढच्या बुधवारी येतो. नाही म्हणायचं असेल तर लगेच कळव, जरी तिकिटं परत होत नसली तरी.

ता.क. २. लखोटा चिकटवला होता, तो पुन्हा फोडून लिहितो आहे. आत्ताच सुलेमान येऊन गेला. दुकानात कुणी नाही असं बघून माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला की नासरसाठी निवडलीस तशी मलाही एक रायफल निवडून दे, माझी हल्ली डावीकडे मारते. मी विचारलं, मग ते नाणं? म्हणाला, ती भोकं मुरादने मारलेली होती, गेल्या वर्षी. मी कॅलेंडर काढलं, भिंतीला धरलं आणि विचारलं, आज तारीख किती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मला वेळ सांगितली, तीही चुकीची.

तेव्हा खाटा दोन टाक. मात्र वेगवेगळ्या खोल्यांत, आणि कल्पनावहिनींना सांग की ह्याला तो आलाय हे कळता कामा नये आणि त्याला हा. पहिले काही दिवस ते अवघड जाणार नाही. पट्ट्या निघाल्या की मग काय करायचं ते तू सुचव.