रेणूचा कोन

३ फेब्रुवारी
गणकयंत्र मिळालं! ऑफिसची पगारपत्रकं उरकली की रोज सकाळी ते माझं. विभागात सगळे हसतात – "परीक्षानळीशिवाय रसायनशास्त्र?" हसा, खुशाल हसा. तीन अणूंचा एवढासा रेणू, त्याचा आकार मी नुसत्या गणितानं काढणार. हे म्हणाले, "काढ की! सरळच निघेल." निघायलाच हवा. ह्यांनीच तो प्रयोगशाळेत मोजलाय, त्यावरच ह्यांचं नाव झालं.

९ फेब्रुवारी
वाकडा निघाला.

१० फेब्रुवारी
यंत्रात घालायची, भोकं पाडलेली कार्डं तपासली. भोकं बरोबर, गणित बरोबर. तरी वाकडाच! जेवताना ह्यांना सांगितलं. हातातला घास खाली ठेवला. "तुझ्या यंत्राला काय कळतंय!" आणि ताटावरून उठले. पुढच्या महिन्यात परिषदेत ह्यांचं भाषण, ह्याच रेणूवर. सगळ्यांदेखत तोंडघशी पडले तर? बोलू की गप्प बसू?

१८ फेब्रुवारी
आणखी बारकाईनं गणित मांडलं. खोकंभर कार्डं झाली. निघताना जिन्यात पाय घसरला – कार्डं थेट तळमजल्यापर्यंत! मटकन बसले आणि रडले. सासूबाई धावत आल्या. जन्मभर शिवणकाम केलेली बाई! गठ्ठ्याच्या कडेवर लाल पेन्सिलीनं तिरकी रेघ त्यांनीच मारून ठेवली होती, कापडाचे तुकडे जुळवायला खूण करतात तशी. "रडतेस काय? रेघ जुळव, क्रम आपोआप जुळेल."
दोघी पायरीवर बसून जुळवत राहिलो. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझा मुलगा चुकला म्हण की!"
"बहुतेक."
"मग नीट लाव बाई. एकही मागंपुढं नको."
अशी सासू कुणाला मिळते!

२० फेब्रुवारी
वाकडाच. आता शंका नाही. कागद ह्यांच्या टेबलावर ठेवला. वाचला, घडी घालून खिशात टाकला.

१ मार्च
हे उजाडताच प्रयोगशाळेत जातात, दिवे लागल्यावर येतात. घरात अबोला. पण माझं खोकं आजही ह्यांनीच यंत्रापर्यंत उचलून नेलं. वर ह्यांनीच दोरी बांधलेली, पुन्हा सांडू नये म्हणून. मला गाठ सुटता सुटेना!

१४ मार्च
परिषद. मी मागच्या रांगेत. हे फळ्यापाशी उभे राहिले. "हा रेणू सरळ आहे, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. गेले तीन आठवडे पुन्हा मोजला. वाकडा आहे. कोन माझ्या बायकोनं काढला तोच. उरलेलं भाषण तिचं."
आणि खाली येऊन खडू माझ्यापुढे धरला.