बाई, आता तुमची पाळी

आई, लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे. बालवर्गात मुलांना राग आवरायला शिकवते. ज्याच्या हातात मातीचा गोळा, त्याने राग सांगायचा, इतरांनी ऐकायचं. मारामाऱ्या निम्म्यावर आल्यात. भांडण माणसाच्या रक्तात नसतं, हे मी तिकडे असताना सभांतून ओरडून सांगायचे. इथे परदेशात ते डोळ्यांनी बघते.

काल एका चिमुरडीने गोळा माझ्या हातात दिला. "बाई, आता तुमची पाळी."

दारात शाळेच्या संचालिका उभ्या होत्या. माझा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात असतो. सुट्टी मागितली की "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

मी म्हटलं, "मला कशाचाच राग नाही."

"मग गोळा एवढा का दाबताय?" तिने विचारलं.

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझी वाट बघू नकोस. दादाबरोबर जा.

तुझी लेक